रुकी पॉइंट गार्डला नेमका किती वेळ द्यायचा? (स्कूट हेंडरसनचं उदाहरण घेऊन)

पहाटेचा_टिपऑफ

डिसेंबर उजाडला की दरवर्षी तोच वाद. एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरच्या नंबरावर घेतलेला रुकी (पहिल्याच सीझनचा पोरगा) जेमतेम वीस मॅचेस खेळलेला असतो, शूटिंग चाळिशीच्या खाली, टर्नओव्हर (बॉल समोरच्याला गमावणं) ढिगाने, आणि आपल्याकडे निकाल लागून मोकळा: बस्ट, म्हणजे फुकट गेलेला पिक. दुसरी बाजू लगेच सुरू होते, 'थांबा, अजून पोर आहे.' दोघांकडेही आपल्या म्हणण्यापलीकडे फारसं काही नसतं.

म्हणून एकच केस धरून विचारतो. स्कूट हेंडरसन, २०२३च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स. वेम्बन्यामा आणि ब्रँडन मिलरनंतर लगेच याचं नाव. पहिला सीझन २०२३-२४: ६२ मॅचेस, मॅचमागे १४ पॉइंट, ५.४ असिस्ट, ३.४ टर्नओव्हर, फील्ड गोल ३८.५ टक्के, थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) ३२.५ टक्के. सीझनच्या शेवटी ऑल-रुकीच्या (सीझनमधल्या सर्वोत्तम रुकींच्या) दोन्ही टीममध्ये नाव नाही. संघ २१-६१.

असा सीझन चालू असताना जाणकार माणूस बॉक्स स्कोअर सोडून काय बघतो? किती मॅचेसनंतर आकड्यांवर विश्वास ठेवायचा? आणि अशा पोराला खेळवत राहायचं, बेंचवर बसवायचं की जी लीगला, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगला, पाठवायचं? 'धीर धरा' एवढंच सांगणारं उत्तर नको, ते आजी पण सांगते.

हाफकोर्ट

पॉइंट गार्डचं, म्हणजे बॉल घेऊन खेळ रचणाऱ्याचं, बघायचं तर आधी पिक अँड रोल बघा (उंच सहकारी आडवा उभा राहून, म्हणजे स्क्रीन लावून, गार्डच्या डिफेंडरला अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो, म्हणजे रोल करतो), बाकीचं नंतर. एनबीएत त्याच्या हातातले बहुतेक निर्णय तिथेच होतात.

हेंडरसनसारखा गार्ड आला की समोरचा संघ पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट ठरवतो: स्क्रीनच्या खालून जायचं. म्हणजे त्याला धरणारा डिफेंडर स्क्रीनवरून झगडत न येता बास्केटच्या बाजूने वळसा घालून पुढे येतो, आणि त्यांचा बिग (उंच खेळाडू) मागे, फ्री थ्रो लाइनच्या आत थांबलेला असतो. दोघं मिळून गार्डला म्हणतात, 'घे की थ्री.' वरची लाइन २३ फूट ९ इंचांवर. पळत पळत ड्रिबलवरून थांबून तिथून शॉट घेणं हा बास्केटबॉलमधला सगळ्यात अवघड नेहमीचा शॉट. जो थ्री उभ्याने, पास घेऊन ठीकठाक मारतो त्याचीही टक्केवारी ड्रिबलवरून घसरते.

अंडर जाणाऱ्या डिफेन्सवर उपाय तीन, आणि पोरगा शिकतोय की नाही ते याच तिघांवरून कळतं. पहिला, शॉट घेणं. दुसरा, री-स्क्रीन: डिफेंडर खालून गेला की आपल्या बिगने लगेच वळून चार-पाच फूट खाली, बास्केटच्या जवळ, दुसरी स्क्रीन लावायची. आता खालून जायला त्याला जागाच उरत नाही, कारण पुढे पेंटच (बास्केटसमोरचा रंगवलेला भाग) आहे. तिसरा, वेग बदलणं: स्क्रीन ओलांडल्यावर उलट्या बाजूला कापून डिफेंडरला पाठीवर घ्यायचं, तिथे अर्धा क्षण थांबायचं आणि बिगला निर्णय घ्यायला लावायचं. हा थांबायचा भाग नव्या पोरांना जमत नाही. पहिलं पाऊल विजेसारखं, म्हणून प्रत्येक वेळी पाचव्या गिअरमध्येच जातात. मग बिग, पाठलागावर असलेला डिफेंडर आणि कोपऱ्यातून आलेला मदतनीस असे तिघं एकाच वेळी अंगावर येतात आणि हा हवेत उडालेला असतो. हवेत उडून मग पास शोधणं हे रुकीच्या टर्नओव्हरचं मूळ.

म्हणून टर्नओव्हर नुसते मोजू नका, वेगळे करा. पाय जमिनीवर असताना, बरोबर माणसाकडे, पण अर्धा सेकंद उशिरा गेलेला पास वेगळा. उदाहरणार्थ, रोल करणाऱ्या बिगला अडवायला विरुद्ध बाजूचा खालचा डिफेंडर आत येतो, त्याचा माणूस कोपऱ्यात सेकंदभर मोकळा राहतो. पोराने तो पाहिला, पास फेकला, पण तोवर डिफेंडर परतला आणि हात लागला. ही चूक मला चालते, डोळा बरोबर आहे, घड्याळ मागे आहे. ड्रिबल पायाला लागून बाहेर जाणं, उडून मागे आंधळा पास टाकणं, चौथ्या क्वार्टरमध्येही तीच चूक करणं, हे वेगळं खातं. पहिल्या खात्यातले टर्नओव्हर दुसऱ्या वर्षी आपोआप कमी होतात, दुसऱ्या खात्यातल्यांवर काम करावं लागतं.

आणि आजूबाजूला कोण आहे ते बघा, नाहीतर पोरावर अन्याय होतो. पोर्टलंडने आपला स्टार गार्ड लिलर्ड याला मिलवॉकीला सोडलं सप्टेंबर २०२३च्या शेवटी, म्हणजे ट्रेनिंग कॅम्प तोंडावर असताना. संघाच्या चाव्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे. पहिल्याच मॅचमध्ये सायमन्सचा अंगठा गेला, तो डिसेंबरपर्यंत बाहेर, म्हणजे बाजूला उभा राहून डिफेन्स ताणून ठेवणारा शूटर गेला. लॉब (रिमजवळ उंच टाकलेला पास) पकडायला सगळ्यात चांगला माणूस रॉबर्ट विल्यम्स, तो सहा मॅचेस खेळून गुडघ्यामुळे सीझनभरासाठी बाहेर. उरला सेंटर एटन, जो रिमकडे जीव तोडून धावण्यापेक्षा मिड-रेंजमध्ये थांबून शॉट घेण्यात रमतो. रोल करणारा रिमपर्यंत गेलाच नाही तर खालच्या डिफेंडरला आत यायचं कारण नाही, मग कोपरा मोकळा होणार कसा? गार्डने वाचायचं तरी काय?

त्यात जुलैमध्ये लास वेगासच्या समर लीगमधल्या पहिल्याच मॅचला खांदा दुखावला, पुढच्या मॅचेस गेल्या. नोव्हेंबरमध्ये घोटा, आणखी नऊ मॅचेस गेल्या. सीझन सुरू झाल्यावर संघाला नीट सराव करायला दिवस मिळतात कुठे? प्रवास, सकाळचा हलका शूटअराउंड, व्हिडिओ, मॅच. पाया उन्हाळ्यात घातला जातो, आणि याची समर लीगच खांद्यामुळे गेली.

सरासरीवाला

आकड्यांचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो.

समजा एखादा पोरगा मुळात ३५ टक्क्यांचा थ्री शूटर आहे. त्याने २०० थ्री मारले तर नुसत्या नशिबाने त्याचा आकडा साधारण ३.४ टक्के इकडेतिकडे होणार. दोन पट फरक धरला तर २८ ते ४२ यातलं काहीही दिसू शकतं, आणि पोरगा तोच. २०० थ्री म्हणजे रोज चार-पाच मारणाऱ्याच्या चाळीस-पन्नास मॅचेस. म्हणजे डिसेंबरमधल्या थ्रीच्या टक्केवारीवरून पैज लावणारा माणूस हवेत बोलतोय. पन्नास थ्रींवर तर हा फरक जवळपास पावणेसात टक्क्यांचा आहे, त्या वेळी आकडा बघूच नका.

त्याऐवजी फ्री थ्रो बघा. १५ फूट, कोणी अंगावर नाही, दर वेळी तीच जागा. हाताची जात तिथे लवकर कळते, आणि पुढे थ्री सुधारेल का याचा अंदाज रुकीच्या थ्रीपेक्षा त्याच्या फ्री थ्रोवरून जास्त बरा येतो. हेंडरसनचा रुकी आकडा ८१.९ टक्के होता. ज्याचा हात असा आहे त्याचा ३२.५ टक्के थ्री मला घाबरवत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये तो ३५.४ झाला, फील्ड गोलही ४१.९ वर आला. पॉइंट मात्र १४ वरून १२.७ झाले, कारण तो बहुतेक बेंचवरून आला आणि मिनिटं कमी झाली. ज्यांनी फक्त पॉइंटचा रकाना पाहिला त्यांना वाटलं पोरगा मागे गेला.

मिनिटं बदलली की एकूण पॉइंटची तुलना करू नका. ३६ मिनिटांमागे काढा, किंवा सरळ १०० पझेशनमागे (बॉल संघाकडे आला की एक पझेशन).

आणखी एक साधी खूण, आकड्यात न दिसणारी. शॉट चुकला की कुठे चुकला बघा. सतत रिंगच्या पुढच्या कडेला लागतोय तर पाय थकलेत. डावी-उजवीकडे जातोय तर कोपर किंवा मनगटाचा घोळ आहे. पहिलं विश्रांतीने सुटतं. दुसऱ्याला ऑफ-सीझनचे महिने लागतात, कारण सीझनच्या मध्ये शॉटची ठेवण बदलायला कोणी शहाणा कोच जात नाही, पोरगा ना घरका ना घाटका होतो.

जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या कडेचे शॉट वाढतातच. कॉलेजचा सीझन तीस-पस्तीस मॅचेसचा, त्याही ४० मिनिटांच्या. इथे तो आकडा डिसेंबर-जानेवारीतच संपतो आणि पुढे पन्नासेक मॅचेस उभ्या असतात, ४८ मिनिटांच्या.

पहाटेचा_टिपऑफ

दोघांचेही आभार, टर्नओव्हरची दोन खाती ही मस्त गोष्ट आहे. पण मिनिटांचं राहिलं. पोर्टलंडने त्याला दुखापतीनंतर बेंचवरून आणलं तेव्हा बरेच जण चिडले होते. तिसऱ्या नंबरचा पिक आणि अनुभवी गार्ड ब्रॉग्डनच्या मागे?

सहावा_माणूस

ब्रॉग्डनच्या मागे आणणं यात अपमान कसला? तो आदल्याच वर्षीचा सिक्स्थ मॅन ऑफ द इयर, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम. बेंचवरून येण्याचा फायदा रोकडा आहे: समोर पहिल्या पाचातला सगळ्यात चिवट डिफेंडर नसतो, समोरचा बिगही दुसऱ्या फळीतला, आणि बॉल मात्र हातातच राहतो. शिवाय पहिली पाच-सहा मिनिटं बाजूला बसून समोरचा संघ आज स्क्रीनवर अंडर (खालून) जातोय की ओव्हर (वरून झगडत), ते पाहून आत जाता येतं. चुकलं तर काढा, पण लगेच काढू नका. चूक झाली की पुढच्या डेड बॉलला बाहेर, असं केलं की पोरगा पुढच्या वेळी चूक टाळण्यासाठी खेळतो, म्हणजे सोपा बाजूचा पास देतो आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. टर्नओव्हर कमी दिसतात, शिकणं शून्य.

बरा कोच दोन गोष्टी आधीच ठरवून सांगतो: आज तुझी मिनिटं इतकी, ती चुकांमुळे कमी होणार नाहीत. पण अमुक दोन गोष्टी नाही केल्यास तर होतील. त्या दोन गोष्टी नेहमी मेहनतीच्या असाव्यात, शॉटच्या नेमाच्या नाहीत. बॉल गेल्यावर मागे पळणं, आणि स्क्रीनला अडकून न पडता माणसाच्या मागे राहणं. शॉट गेला नाही म्हणून बसवायचं नसतं.

जी लीगबद्दल. कराराने संघ आपल्या तरुण खेळाडूला हवं तेव्हा खाली पाठवू शकतो, त्याची संमती फक्त पहिले तीन सीझन उलटल्यावर लागते. पोर्टलंडचा संघ रिप सिटी रीमिक्स त्याच वर्षी सुरू झाला, आणि तोही पोर्टलंडमध्येच, म्हणजे विमानाचा प्रश्न नव्हता. पण हेंडरसनला पाठवण्यात अर्थ नव्हता. तो दोन सीझन इग्नाइटकडून जी लीगमध्येच खेळून आला होता. तिथली लांबी आणि वेग त्याने पाहिलेला. त्याला न दिसलेली गोष्ट वरच होती: उंच बिग मागे थांबवून मुद्दाम शॉट देणारी डिफेन्स. जी लीग कोणासाठी? जो वर रोज सहा-आठ मिनिटांवर आहे त्याच्यासाठी. सहा मिनिटांत लय येत नाही, तिथे खाली तीस मिनिटं कधीही बरी.

धीराच्या नावाखाली पोराला नुसतं बसवून ठेवणं किती महाग पडतं ते बघायचं असेल तर पोर्टलंडचाच इतिहास काढा. १९९६ला सतराव्या नंबरावर जर्मेन ओनील घेतला, शाळेतून थेट. चार वर्षं भरगच्च फ्रंटकोर्टच्या मागे बसला. २०००मध्ये डेल डेव्हिसच्या बदल्यात इंडियानाला दिला. तिथे पहिल्याच सीझनमध्ये १२.९ पॉइंट आणि ९.८ रिबाउंड, पुढे सलग सहा ऑल-स्टार. अन्न पोर्टलंडने घातलं, जेवले दुसरेच. डेट्रॉइटचंही उदाहरण आहेच, २००३चा दुसरा पिक डार्को मिलिचिच. त्या सीझनला संघ चॅम्पियन, कोच लॅरी ब्राउनला नव्या पोरांवर मिनिटं घालवायची नव्हती, रुकी सीझनमध्ये मॅचमागे पाच मिनिटंसुद्धा नाहीत.

आणि हेंडरसनचा तेव्हाचा कोच कोण होता? चॉन्सी बिलप्स. तोही तिसरा पिक, १९९७, बॉस्टन. ५१ मॅचेस झाल्या आणि बॉस्टनचा कोच रिक पिटिनोने त्याला टोरंटोला देऊन टाकलं, रुकी सीझन पूर्णसुद्धा होऊ दिला नाही. मग डेन्व्हर, ऑरलँडो, मिनेसोटा. २००२ला डेट्रॉइट, २००४ला फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). मध्ये सात वर्षं. बॉस्टनला काय मिळालं? केनी अँडरसन.

कॅपशीट

सगळे कोर्टवरचं बोलताय, पण संघाचं घड्याळ कागदावर चालतं. पहिल्या फेरीतल्या रुकीचा करार चार वर्षांचा. पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. मेख अशी की तिसऱ्या वर्षाचा निर्णय पहिल्या सीझननंतरच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो, म्हणजे दुसऱ्या सीझनच्या जेमतेम चार-पाच मॅचेस झालेल्या असताना. हेंडरसनसाठी ती तारीख ३१ ऑक्टोबर २०२४. चौथ्या वर्षाची पुढच्या ऑक्टोबरला. तीन सीझन झाले की वाढीव कराराची बोलणी सुरू करता येतात, ती नाही जमली तर चौथ्यानंतर रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट, म्हणजे बाहेरच्याने दिलेली ऑफर जुळवून ठेवून घ्यायचा हक्क संघाकडे.

आता हिशेब बघा. तिसऱ्या पिकचा पहिल्या वर्षाचा पगार एक कोटी डॉलरच्या किंचित खाली होता. एनबीएच्या मानाने हे स्वस्त आहे, मधल्या फळीतला अनुभवी गार्ड यापेक्षा महाग पडतो. त्यामुळे वरच्या पिकचा तिसऱ्या वर्षाचा ऑप्शन सोडणं फार क्वचित होतं. याचा अर्थ, पहिल्या डिसेंबरमध्ये तुम्ही-आम्ही 'बस्ट' म्हणत असतो तेव्हा फ्रंट ऑफिसला (संघाच्या व्यवस्थापनाला) कसलाही निर्णय घ्यायचाच नसतो. त्यांची खरी परीक्षा तिसऱ्या सीझननंतरच्या उन्हाळ्यात. तेव्हा मोठा आकडा लिहावा लागतो आणि चुकला तर चार-पाच वर्षं गळ्यात पडतो.

घाई होते ती दुसऱ्या कारणाने: ट्रेडमधली किंमत. पडझड होत असलेल्या रुकीची किंमत पहिल्या सीझनमध्ये सगळ्यात वेगाने घसरते. ज्याला विकायचाच आहे त्याने लवकर विकावा, ज्याला ठेवायचा आहे त्याने बाजारभाव बघूच नये. मधली भूमिका सगळ्यात वाईट.

उलटा_पास

थोडं पाणी ओततो, माफ करा. अशा धाग्यांत नेहमी जिंकलेल्यांचीच नावं येतात. बिलप्स, ओनील, आता कोणीतरी डॅलसचा नोविट्स्की आणेल. तर मीच आणतो, त्याचा रुकी सीझन: १९९८-९९, ४७ मॅचेस, ८.२ पॉइंट, थ्री २०.६ टक्के. पुढच्या वर्षी १७.५ पॉइंट आणि थ्री ३७.९. पण त्याचं कारणही सांगा ना. लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या करारावरून खेळ बंद) सीझन फेब्रुवारीत सुरू झाला, ५० मॅचेस कोंबल्या, आधी समर लीग नाही, कॅम्प आखूड, आणि पोरगा जर्मनीच्या दुसऱ्या विभागातून आलेला. कारण बाहेरचं होतं, ते गेलं, पोरगा सुटला.

आता याच्यासमोर इमॅन्युएल मुडिए ठेवा. २०१५, सातवा पिक, डेन्व्हर. रुकी सीझन: १२.८ पॉइंट, ५.५ असिस्ट, फील्ड गोल ३६.४ टक्के, थ्री ३१.९. हेंडरसनचे आकडे आणि हे झाकून ठेवले तर ओळखता येणार नाहीत. तोही मोठ्या शरीराचा, वेगवान, पेंटमध्ये घुसणारा. डेन्व्हरने त्याला मिनिटं दिली, बॉल दिला, चुका चालवून घेतल्या. दुसऱ्या वर्षी स्टार्टरची जागा जमीर नेल्सनकडे, फेब्रुवारी २०१८ला निक्सकडे रवानगी. धीर धरला होता की. फरक कुठे होता? सरासरीवाल्यांनी वर सांगितला तिथेच: मुडिएचा रुकी फ्री थ्रो ६७ टक्के. आणि रिमजवळचे शॉटही जात नव्हते, सीझनमागून सीझन.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, धीर धरताना मुदत आणि खूण दोन्ही आधी लिहून ठेवा. नाहीतर चौथ्या वर्षीही 'अजून पोर आहे' चालूच राहतं. तळाच्या संघात ही फसगत जास्त होते, कारण तिथे हरण्याची कोणाला घाई नसली तरी जिंकण्याचीही नसते. मिनिटं फुकट मिळतात, आणि फुकटच्या मिनिटांत वाईट सवयी पक्क्या होतात.

हाफकोर्ट

मुडिएचं उदाहरण चपखल आहे. फक्त एक भर: पोर्टलंडने पहिल्या सीझनमध्ये ब्रॉग्डन ठेवला होता, म्हणजे मिनिटं अगदीच फुकट नव्हती.

मूळ प्रश्नाला धरून, पुढची मॅच बघताना करून बघा. पोर्टलंडची घरची रात्रीची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला लागते, चहासोबत जमतं. कागदावर तीन रकाने. त्याच्या प्रत्येक पिक अँड रोलला खूण: डिफेंडर अंडर गेला की ओव्हर, याने काय केलं, निर्णय घेताना पाय जमिनीवर होते की हवेत. पॉइंट झाले की नाही ते लिहूच नका. एका मॅचमध्ये वीसेक नोंदी सहज मिळतात. अशा चार मॅचेस नोव्हेंबरमध्ये आणि चार मार्चमध्ये लिहा, त्याच संघांविरुद्ध मिळाल्या तर उत्तम. 'हवेत'चा रकाना मार्चमध्ये आखडला असेल आणि अंडरवर री-स्क्रीन मागायला लागला असेल, तर टक्केवारी काहीही असो, पोरगा शिकतोय. दोन्ही कागद सारखेच दिसले तर उलटा_पास यांच्या मुदतीचं बघा.

पहाटेचा_टिपऑफ

करतो. बॅक-टू-बॅकच्या (सलग दोन रात्रींच्या) दुसऱ्या रात्रीच्या मॅचेस धरायच्या की सोडायच्या?

हाफकोर्ट

सोडा. नाहीतर पायांचा थकवा मोजून बसाल.